फिनचे अर्धवट राहिलेले वाक्य

प्रति,
लुकासफिल्म, सॅन फ्रान्सिस्को

विषय : ‘स्टार वॉर्स’मधील प्रेमकथा आणि पडद्यावरचे प्रतिनिधित्व

‘स्टार वॉर्स’ची ओळख युद्धकथा म्हणून असली, तरी तिचे नऊ मुख्य चित्रपट एका घराण्याची वंशकथा सांगतात. अनाकिन आणि पद्मे यांचे लपवून ठेवलेले लग्न झाले नसते, तर डार्थ व्हेडर घडला नसता आणि ल्यूक-लेया ही जुळी भावंडे जन्मली नसती. लेया आणि हान सोलो यांचे प्रेम जुळले नसते, तर बेन सोलो, म्हणजेच कायलो रेनही नसता, आणि शेवटच्या तीन चित्रपटांना खलनायक मिळाला नसता. म्हणजे या गाथेत कोण कोणावर प्रेम करतो यावर आकाशगंगेचे राजकारण ठरते. अशा गाथेचे चाहते कोणाचे कोणाशी जुळणार याची वर्षानुवर्षे चर्चा करतात, चित्रे काढतात, शेकडो पानांच्या कथा लिहितात. त्या चर्चेला पोरकट म्हणणाऱ्यांनी ही गाथाच नीट पाहिलेली नाही. त्या चर्चेत आणखी एक प्रश्न पहिल्या दिवसापासून गुंतलेला आहे : मध्यभागी उभे राहून प्रेम करण्याचा आणि प्रेम मिळवण्याचा हक्क पडद्यावर कोणत्या चेहऱ्यांना मिळतो?

हा प्रश्न २०१५ मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’बरोबर उपटला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो पहिल्या चित्रपटाच्या पात्रनिवडीइतका जुना आहे. जॉर्ज लुकास यांनी ओबी-वान केनोबीच्या भूमिकेसाठी जपानी अभिनेते तोशिरो मिफुने यांचा विचार केला होता. तसे झाले असते, तर लेयाही जपानी घेण्याची त्यांची कल्पना होती. हान सोलोसाठी ग्लिन टर्मन या कृष्णवर्णीय अभिनेत्याचे नाव विचारात होते. पण कृष्णवर्णीय हान आणि गोरी राजकन्या यांची जोडी दाखवली, तर प्रेक्षकांचे सगळे लक्ष वंशभेदाच्या विषयाकडे जाईल, ही धास्ती लुकास यांना वाटली आणि तो विचार मागे पडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी १९६७ मध्ये रद्द केली होती. पहिला चित्रपट आला १९७७ मध्ये. कायदा बदलून दहा वर्षे झाली, तरी अंतराळातल्या कल्पित जगात तशी जोडी दाखवणे अवघड वाटत होते. प्रतिनिधित्व आणि प्रेमकथा हे दोन वेगळे विषय नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही. कोणाला घ्यायचे हे ठरत होते, ते तो कोणावर प्रेम करणार या हिशेबाने.

पहिल्या तीन चित्रपटांत या निर्णयाचे परिणाम दिसतात. डार्थ व्हेडरचा दरारा ज्या आवाजाने निर्माण केला, तो आवाज जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याचा; पण १९८३ मध्ये मुखवटा उतरला तेव्हा आत चेहरा दिसला तो गोऱ्या सेबास्टियन शॉ यांचा. गाथेने अकिरा कुरोसावा यांच्या ‘हिडन फोर्ट्रेस’पासून कथेचा साचा घेतला, सामुराईंकडून पोशाख आणि तलवारीचा रिवाज घेतला, आशियाई तत्त्वज्ञानातून ‘फोर्स’ या गूढ शक्तीच्या कल्पनेला रंग दिला. आशियाई माणसे मात्र मुख्य पात्रांत कुठेच नव्हती. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये बिली डी विल्यम्स यांचा लँडो आला. देखणा, बोलघेवडा, आल्याआल्या लेयाचा हात हातात घेणारा. त्याच्या वाट्याला मोहकपणा आला, प्रेमकथा आली नाही.

त्याच काळात प्रेमाच्या बाबतीत चाहत्यांना अंदाज बांधायची सवय लागली, आणि ती गाथेनेच लावली. १९७७ चा चित्रपट पाहून लेया ल्यूककडे झुकणार की हानकडे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९७८ मध्ये ॲलन डीन फॉस्टर यांची अधिकृत कादंबरी आली, तिच्यात ल्यूक-लेया यांच्यात ओढ दिसते. १९८० च्या चित्रपटात लेया ल्यूकचे चुंबन घेते आणि शेवटाकडे हानवर प्रेम असल्याचे कबूल करते. त्यावर ते आपल्याला ठाऊक असल्याचे हान सांगतो. ते प्रसिद्ध उत्तर मूळ पटकथेत नव्हते, चित्रीकरणाच्या वेळी हॅरिसन फोर्ड आणि दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी ते घडवले. मग १९८३ मध्ये ल्यूक-लेया भावंडे ठरली आणि त्रिकोण मिटला. सगळे आधी आखलेले होते, असे कोणी म्हणू शकत नाही. प्रेमकथा चालता चालता ठरत होती, आणि प्रेक्षक पडद्यावरच्या नजरा, स्पर्श, विराम वाचून आपापला निष्कर्ष काढत होते. पुढे शेवटच्या तीन चित्रपटांतल्या रे, फिन, पो आणि कायलो रेन यांच्याबाबतीत चाहत्यांनी नेमके हेच केले.

१९९९ ते २००५ मधल्या चित्रत्रयीवर फार थांबायचे कारण नाही. सॅम्युएल एल. जॅक्सन जेडाय योद्ध्यांच्या परिषदेत बसले. माओरी वंशाचे टेम्युएरा मॉरिसन यांचा चेहरा अख्ख्या क्लोन सैन्याला मिळाला. अनाकिन-पद्मे यांचे प्रेम या त्रयीचा पाया होते. पण लढाया जेवढ्या मेहनतीने रचल्या, तेवढ्या मेहनतीने ते लिहिले गेले नाही. गाथेची ही जुनी खोड पुढच्या पिढीलाही भोवली.

डिस्नेने २०१२ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरना लुकासफिल्म विकत घेतली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ची पहिली झलक आली. वाळवंटात एक माणूस धापा टाकत अचानक उभा राहतो. अंगावर स्टॉर्मट्रूपरचे, म्हणजे शत्रूसैनिकाचे, पांढरे चिलखत, चेहरा जॉन बोयेगाचा. लंडनमध्ये वाढलेल्या, नायजेरियन आईवडिलांच्या या तरुणाला पाहून जगभर आनंद झाला, आणि त्याच दिवसापासून स्टॉर्मट्रूपर काळा कसा, अशी वर्णद्वेषी ओरडही सुरू झाली. बोयेगाने सवय करून घ्या, असे उत्तर दिले. पुढच्या वर्षी चीनसाठी छापलेल्या पोस्टरवर त्याची आकृती लहान केलेली होती आणि ऑस्कर आयझॅकचा पो डॅमरन पोस्टरवरून गायब होता. झलकेत पुढे आणि पोस्टरवर मागे, हे दुहेरी धोरण चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच दिसून आले होते.

चित्रपट मात्र चाहत्यांच्या आशेला खतपाणी घालणारा निघाला. बोयेगाचा फिन हा लहानपणी पळवून आणलेला सैनिक. त्याला नावही नाही, फक्त क्रमांक. पो त्याला नाव देतो. दोघे मिळून शत्रूच्या जहाजावरून निसटतात. पो मेला असे समजून फिन त्याचे जाकीट घालून फिरतो, आणि पुन्हा भेट होते तेव्हा दोघे धावत येऊन एकमेकांना मिठी मारतात. पो ते जाकीट त्यालाच ठेवायला सांगतो. मूळ आराखड्यात पो सुरुवातीलाच मरणार होता. आयझॅकने आपण अशा भूमिका पुष्कळ केल्याचे दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांना सांगितले आणि पो वाचला. म्हणजे ती भेट, ती मिठी हे सगळे ऐनवेळच्या फेरफारातून आले. पण पडद्यावर ते इतके खरे उतरले की फिन आणि पो प्रेमात पडणार, ही आशा हजारो प्रेक्षकांच्या मनात त्याच आठवड्यात रुजली. आयझॅक स्वतः ग्वाटेमालात जन्मलेला. १९७७ च्या चित्रपटातल्या याव्हिन उपग्रहाचे चित्रण ग्वाटेमालातल्या तिकाल इथे झाले होते, आणि पोचे मूळ गाव याव्हिनच ठरवले गेले. असे बारकावे जपणारी संस्था पात्रांच्या नात्यांबाबत बेफिकीर राहणार नाही, असे चाहत्यांना वाटणे स्वाभाविक होते.

फिन आणि चित्रपटाची नायिका रे यांचा धागाही तितकाच ठसठशीत होता. जक्कू ग्रहावर बॉम्ब पडत असताना तो तिचा हात धरून पळतो. मला पळता येते, हात सोड, असे ती बजावते. शेवटी बेशुद्ध फिनच्या कपाळावर ती ओठ टेकते. काळा नायक आणि गोरी नायिका. पहिल्या चित्रपटाच्या वेळी जे टाळले गेले, ते आता घडणार, असा विश्वास त्या दृश्यांनी दिला.

अशा आशेला इंग्रजी फॅन मंडळी ‘शिपिंग’ म्हणतात. मराठी तरुणही आता अमुक-तमुक जोडीला ‘शिप करतो’ असे सहज म्हणतात. या आशेचा इतिहास लहान नाही. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेत कॅप्टन कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचे चुंबन दाखवले गेले, आणि अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात ते नोंदले गेले. सत्तरच्या दशकात त्याच मालिकेच्या चाहत्या, बहुतेक स्त्रिया, कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या कथा लिहून चक्रमुद्रित अंकांतून वाटत होत्या. ज्यांना आपल्यासारखी जोडी पडद्यावर मिळत नव्हती, त्यांनी ती ओळींच्या मधल्या जागेत शोधली. हे वाचन चुकीचे ठरवता येत नाही, कारण कथाच ती जागा मोकळी सोडते.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ने, रायन जॉन्सन यांच्या दिग्दर्शनाखाली, आणखी दोन दारे उघडली. एक रे आणि कायलो रेन यांचे. फोर्समुळे दूर अंतरावरून एकमेकांना दिसणारी दोन एकाकी माणसे शेकोटीसमोर बोटांना बोटे लावतात, हा प्रसंग गाथेतल्या सर्वांत कोवळ्या क्षणांपैकी एक आहे. दुसरे दार रोझ टिको हिचे. व्हिएतनामी निर्वासित आईवडिलांची मुलगी केली मरी ट्रॅन हिने ही यंत्रदुरुस्ती करणारी साधी मुलगी उभी केली. बहीण बॉम्बहल्ल्यात गेलेली. तिचे दुःख गिळून ही कामाला लागते, फिनबरोबर मोहिमेवर जाते, त्याला आत्मघातापासून वाचवते आणि त्याचे चुंबन घेते. कृष्णवर्णीय पुरुष आणि आशियाई स्त्री यांची प्रेमकथा इतक्या मोठ्या अमेरिकन चित्रपटात क्वचितच दिसते.

त्यानंतर जे झाले ते लाजिरवाणे आहे. ट्रॅनवर वंशावरून, दिसण्यावरून शिव्यांचा भडिमार झाला. जून २०१८ मध्ये तिने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरचे सगळे काढून टाकले. ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिने लेख लिहिला, जगाने आपल्याला दुय्यम ठरवले आणि आपणही ते कसे मानत गेलो, हे तिने त्यात सांगितले. त्या काळात तिच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले ते मुख्यतः दिग्दर्शक आणि सहकलाकार.

संस्थेचे उत्तर काय, ते २०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये कळले. १४२ मिनिटांच्या चित्रपटात रोझ जेमतेम सव्वा मिनिट दिसते. पटकथालेखक ख्रिस टेरिओ यांनी कारण दिले की तिचे प्रसंग लेयाबरोबर होते, कॅरी फिशर यांच्या निधनानंतर जुनी चित्रफीत वापरून ते साधले जात होते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्याजोगे झाले नाहीत. कारण खरे मानले, तरी प्रश्न उरतो. मागच्या चित्रपटात फिनचे चुंबन घेणारी मुलगी फिनपासून दूर, एका तळावर का ठेवली गेली? त्या चुंबनाचा दोघांपैकी कोणीही उल्लेख का करत नाही? ज्यांनी तिला छळले, त्यांना या सव्वा मिनिटात आपला विजय दिसला. निर्मात्यांचा हेतू तसा नसेलही, पण परिणाम तोच झाला.

फिनच्या बाकीच्या धाग्यांचेही असेच झाले. पसाना ग्रहावर रुतत्या वाळूत खाली जाताना तो रेला काहीतरी सांगू लागतो आणि वाक्य अर्धे राहते. पो पुढे त्याबद्दल त्याला छेडतो. वाक्य तरीही पूर्ण होत नाही. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर एब्रम्स यांनी खुलासा केला : फिनला आपल्यातही फोर्स जाणवतो, हे सांगायचे होते. एका पात्राच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट चित्रपटात नाही, चित्रपटाबाहेरच्या खुलाशात आहे! नेओमी ॲकीची जॅना ही फिनसारखीच पळून आलेली सैनिक; दोघांची भेट एका सुंदर प्रसंगापुरती टिकते. पोसाठी केरी रसेलची झोरी ब्लिस आणली गेली आणि त्याचे जुने स्त्रीप्रेम ठसवले गेले. फिन-पो यांचे नाते प्रेमाचे नाही, हे एब्रम्स यांनी प्रदर्शनाआधीच सांगून टाकले होते. आयझॅकने मात्र ते आणखी पुढे जावे अशी आपली इच्छा होती, असे जाहीरपणे म्हटले. फिनभोवती रे, पो, रोझ, जॅना असे चार धागे विणले गेले आणि चारही सोडून दिले गेले.

समलिंगी प्रेमाची तहान शेवटच्या जल्लोषात दोन दुय्यम स्त्री-सैनिकांच्या क्षणभराच्या चुंबनावर भागवली गेली. गाथेच्या चित्रपटांतले ते पहिलेच, म्हणून त्याचे मोल आहे. पण त्या दोघींचे नाते त्याआधी कथेत कुठेच नाही. सिंगापूरमध्ये कमी वयाच्या प्रेक्षकांना प्रवेश मिळावा म्हणून तेवढा तुकडा कापला गेला, आणि कथेला साधा ओरखडाही उमटला नाही. कापता येईल असेच ते चित्रित झाले होते, असे कोणाला वाटले तर त्याला खोटे ठरवणे कठीण आहे.

पूर्ण चुंबन मिळाले ते रे आणि बेन सोलो यांना, आणि पुढच्याच क्षणी बेन मरतो. या जोडीच्या चाहत्यांवर पुष्कळ टीका झाली. कायलोने पहिल्या चित्रपटात रेच्या मनात बळजबरीने शिरून तिचा छळ केला होता, स्वतःच्या बापाला मारले होते; अशा माणसाशी प्रेम जुळावे असे का वाटावे, हा आक्षेप वजनदार आहे. याच चाहत्यांपैकी काहींनी फिनला बाजूला सारताना जी भाषा वापरली, तिच्यात वंशभेद होता, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. पण पतिताच्या उद्धाराची ओढ ही गाथा १९८३ पासून स्वतःच शिकवत आली आहे. या जोडीवर लिहिणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया त्या ओढीशी प्रामाणिक होत्या. त्यांच्यातूनच ॲली हेझलवूड हिच्यासारखी लेखिका घडली, जिची २०२१ ची लोकप्रिय कादंबरी मुळात याच जोडीवरची फॅनफिक्शन होती. त्यांच्याही हाती अखेर एक चुंबन आणि एक प्रेत आले. एकमेकींच्या विरोधातल्या सगळ्या आशा कोणतीच कथा पुरवू शकत नाही. पण इथे एकीचीही आशा नीट पुरवली गेली नाही, आणि म्हणून दोष चाहत्यांच्या गर्दीवर ढकलता येत नाही.

कारणे शोधायची, तर सर्वांत मोठे कारण आराखड्याचा अभाव. तीन चित्रपटांची एकसंध कथा आधी ठरली नव्हती. पहिला एब्रम्स यांनी केला, दुसरा जॉन्सन यांनी लिहून दिग्दर्शित केला, तिसऱ्यासाठी नेमलेले कॉलिन ट्रेव्हॉरो सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडले आणि एब्रम्स परतले. ट्रेव्हॉरो यांची पटकथा पुढे बाहेर फुटली; तिच्यात फिन आणि रोझ कोरुसांत ग्रहावर उठावाची मोहीम चालवतात. म्हणजे दुसरा मार्ग कागदावर उपलब्ध होता. प्रत्येक दिग्दर्शकाने आधीच्याचे धागे तोडून आपले सुरू केले, आणि त्या तोडातोडीत सर्वाधिक नुकसान ज्यांचे झाले, ती पात्रे बहुतेक गोरी नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये बोयेगाने एका मुलाखतीत हेच मांडले : जाहिरातीत महत्त्वाचे म्हणून मिरवायचे आणि नंतर बाजूला सारायचे. त्याने ट्रॅन, ॲकी आणि आयझॅक यांचीही नावे घेतली. स्वतःच्या कारकिर्दीची पर्वा न करता तो बोलला, याचा चाहत्यांना आजही अभिमान आहे.

लुकासफिल्मला हे जमतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये दिएगो लुना, रिझ अहमद, डॉनी येन, जिआंग वेन हे सगळे कथेच्या गाभ्यात होते. लुनाने आपले मेक्सिकन उच्चार तसेच ठेवले, आणि एका प्रेक्षक तरुणीने आपल्या मेक्सिकन वडिलांना नायक आपल्यासारखा बोलतो याचा केवढा आनंद झाला, ते लिहिले, तेव्हा लुनानेही ते कौतुकाने पुढे पाठवले. येन आणि जिआंग यांनी रंगवलेल्या चिरूट आणि बेझ यांच्यात अनेकांनी जोडपे पाहिले. चित्रपटाने ते सांगितले नाही, नाकारलेही नाही. ‘अँडोर’ मालिकेत वेल आणि सिंटा या दोन बंडखोर स्त्रियांचे प्रेम आडवळणाने न दाखवता सरळ दाखवले गेले. सिंटा रंगवली केरळमध्ये जन्मलेल्या वरदा सेतूने. उठाव आधी, आपण नंतर, असे मानणारी सिंटा आणि तिच्यासाठी झुरणारी वेल यांच्यात खऱ्या नात्याचे सगळे ताण आहेत. २०२५ च्या दुसऱ्या पर्वात दोघी पुन्हा जवळ येतात आणि लगेच सिंटा एका चुकून सुटलेल्या गोळीने मरते. प्रसंग ताकदीचा आहे; तरीही समलिंगी जोडप्यातल्या एकाला मारण्याची रीत इतकी जुनी आहे की चाहत्यांना झालेले दुःख समजण्यासारखे आहे. कॉमिक्समध्ये डॉक्टर आफ्रा, कादंबऱ्यांत सिंजिर हे उघडपणे समलिंगी प्रेम करणारी पात्रे २०१५ पासून आहेत. यात एक क्रम दिसतो. पुस्तकात धैर्य सर्वाधिक, मालिकेत त्याहून कमी, चित्रपटात काही सेकंद. जिथे पैसा जास्त लागतो, तिथे धीर आटतो.

पैशाचे भय मात्र आकड्यांत टिकत नाही. फिनला पुढे ठेवणाऱ्या ‘द फोर्स अवेकन्स’ने जगभर दोन अब्ज डॉलरहून अधिक कमावले, ‘रोग वन’ एक अब्जाच्या पुढे गेला. प्रतिनिधित्व लादलेले वाटते, अशी तक्रार करणारेही आहेत. ती तक्रार खरी ठरते ती अर्धवट कामामुळे : पात्र आणायचे, कौतुक करून घ्यायचे, आणि त्याला कथा द्यायची नाही. ज्या पात्राला इच्छा, चूक, प्रेम, मत्सर, घर असे सगळे असते, त्याला कोणी लादलेले म्हणत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे परके नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ यांच्या गर्दीमुळे ‘द फोर्स अवेकन्स’ भारतात एक आठवडा उशिरा, २५ तारखेला लागला. आणि चारच महिन्यांनी जातीबाहेरच्या प्रेमाची गोष्ट सांगणारा ‘सैराट’ आला. प्रेमाच्या गोष्टीत कोणाला नायक होता येते आणि त्या प्रेमाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न इथल्या लोकांनी चित्रपटगृहात आणि घरात अनुभवला आहे. फिनकडे पाहणारी इथली नजर त्यामुळेच दूरच्या देशातल्या पाहुण्याची नाही.

२०२२ मध्ये ‘ओबी-वान केनोबी’ मालिकेतल्या मोझेस इंग्रमला वर्णद्वेषी संदेश आले, तेव्हा ‘स्टार वॉर्स’च्या अधिकृत खात्यावरून तिची बाजू घेतली गेली आणि ईवान मॅक्ग्रेगरने चित्रफितीतून द्वेष करणाऱ्यांना सुनावले. २०१८ पेक्षा हे पाऊल निश्चित पुढचे होते. पण कलाकाराच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे निवेदन काढणे एवढेच नव्हे. पुढच्या चित्रपटात त्याच्या पात्राचा प्रवास शाबूत ठेवणे हे त्याचे खरे रूप आहे.

एप्रिल २०२३ मध्ये लंडनला रेवरच्या नव्या चित्रपटाची घोषणा झाली. डेझी रिडली परतणार, आणि दिग्दर्शन पाकिस्तानच्या, दोन ऑस्कर मिळवलेल्या शर्मीन ओबेद-चिनॉय करणार, असे तेव्हा जाहीर झाले. गाथेचा चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांच्याकडे चाहत्यांचे डोळे लागले. तो चित्रपट असो वा दुसरा कोणता, अपेक्षा फार अवघड नाहीत. नाती चित्रीकरणाआधी ठरावीत, आणि एका दिग्दर्शकाने उचललेला धागा दुसऱ्याने तोडायचाच असेल, तर तो पडद्यावर, पात्रांच्या तोंडून तोडावा. समलिंगी प्रेम दाखवायचे तर ते कथेच्या अशा जागी असावे, जिथून ते काढले की कथा कोसळेल. फिन परतला, तर जेडाय म्हणून परतावा, आणि तो कोणावर प्रेम करतो, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. रोझ परतली, तर तिच्या बहिणीच्या आठवणीसकट, तिच्या हातांतल्या कामासकट परतावी. आणि रेने एकटे राहायचे ठरवले, तर तो तिचा निर्णय म्हणून लिहिला जावा. कोणाची निवड करायची हे लेखकांना ठरवता आले नाही, म्हणून ती एकटी राहू नये.

कळावे,
एक मराठी प्रेक्षक